गॉलब्लॅडरच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात मशीनने श्वास किती मोठा द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: 'मी पुण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ओटी टेक्निशियन आहे. आमच्याकडे भूल द्यायला बाहेरून वेगवेगळे डॉक्टर येतात. एक ज्येष्ठ सर पेशंट कोणीही असो, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा, मि.ली.मध्ये) ५००, रेट (मिनिटाला श्वास) १२, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) शून्य लावतात. अलीकडे येणाऱ्या मॅडम आधी उंची विचारतात, मग ३०० किंवा ३२० लावतात, पीप ५. त्यांचं म्हणणं, मोठ्या श्वासाने फुफ्फुसाला दाह होतो. सर म्हणतात, इतकी वर्षं हेच करतोय, कुणाचं काही बिघडलं नाही. लॅप कोलीत (दुर्बिणीने पित्ताशय काढायच्या ऑपरेशनात) नक्की कुणाचं बरोबर? आणि माझ्या हातात यातलं काय आहे?'

सेटिंग मॅडमचं बरोबर आहे. पण तासाभराच्या लॅप कोलीसाठी त्यांनी जे कारण दिलं, ते मी दिलं नसतं. आणि सरांचा अनुभव खोटा आहे असंही नाही. त्यात कोण मोजलं गेलं नाही, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात उंचीपासून करतो, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. फुफ्फुस किती मोठं, हे उंचीवर आणि स्त्री की पुरुष यावर ठरतं. माणसाचं वजन वीस किलोने वाढलं म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत. म्हणून श्वासाचा हिशेब खऱ्या वजनावर न करता उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर करतात. पुरुषासाठी ५० आणि स्त्रीसाठी ४५.५ घ्यायचे, उंचीतून १५२.४ सें.मी. वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ ने गुणून त्यात मिळवायचे.

आता तुमच्या टेबलावर रोज येणारी पेशंट घ्या. बाई, वय पन्नाशीचं, उंची १५० सें.मी., वजन ७८ किलो. अपेक्षित वजन येतं साधारण ४३ किलो. तिला ५०० लावले की किलोमागे साडेअकरा मि.ली. झाले. त्यात कुणी 'मी आठच्या हिशेबाने लावतो' म्हणत काट्यावरच्या ७८ ला आठने गुणलं तर ६२४ येतात, म्हणजे किलोमागे चौदाच्या वर. मनात धरले होते आठ, पोचले चौदा. उलट १७२ सें.मी. उंचीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन ६८ च्या आसपास. त्याला तेच ५०० म्हणजे किलोमागे साडेसात. सर न ठरवता त्याला अगदी नव्या पद्धतीचा श्वास देत आहेत.

म्हणजे ५०० हा आकडा उंच पुरुषाला चालतो आणि बुटक्या बाईला जास्त होतो. आता पित्ताशयाचे खडे पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. तुमच्या लॅप कोलीच्या यादीत कोण जास्त असणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सरांच्या सवयीला इतिहास आहे, तो सांगतो, म्हणजे त्यांना कोणी अडाणी ठरवणार नाही. १९६३ मध्ये बोस्टनहून एक निबंध प्रसिद्ध झाला. भुलीखाली लहान लहान सारखेच श्वास दिले की फुफ्फुसाचे भाग मिटत जातात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि मोठे श्वास दिले की सुधारतो, असं त्यात होतं. निरीक्षण बरोबर होतं. त्या वेळी नेहमीच्या ऑपरेशनात पीप लावायची पद्धत नव्हती, त्यामुळे फुफ्फुस उघडं ठेवायचा हाती असलेला उपाय म्हणजे मोठा श्वास. पुढच्या दोन-तीन पिढ्या किलोमागे १० ते १२ मि.ली. शिकत आल्या. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ८६१ पेशंट घेतले. सगळे आयसीयूतले, फुफ्फुसं आधीच सुजलेली. किलोमागे १२ मि.ली. दिलेल्यांत ३९.८ टक्के दगावले, ६ मि.ली. दिलेल्यांत ३१ टक्के. तिथून वारं फिरलं. पण तो निकाल आयसीयूचा होता, निरोगी फुफ्फुसाच्या पित्ताशयाच्या पेशंटचा नव्हता. ही गोष्ट व्याख्यानांत बऱ्याचदा गाळली जाते.

लॅप्रोस्कोपीत फुफ्फुसाचं काय होतं ते बघा. पेशंट आडवा झाला, भूल दिली, स्नायू सैल पडले की श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) वर सरकतं आणि फुफ्फुसाचा पाठीकडचा, श्वासपटलालगतचा भाग मिटायला लागतो. भूल दिलेल्या दहातल्या नऊ जणांत हे थोडंफार होतं. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये भुलीखालच्या पेशंटचे सीटी स्कॅन काढून ते दाखवलं गेलं. त्यावर सर्जन पोटात १२ ते १५ मि.मी. पारा दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. आपली मशीन बोलते सें.मी. पाण्यात. १५ मि.मी. पारा म्हणजे सुमारे २० सें.मी. पाणी. तो सगळा दाब छातीत पोचत नाही, पण खालून इतका रेटा येत असताना वरून पीप शून्य ठेवणं म्हणजे फुफ्फुसाचा तळमजला सोडून देणं.

मिटलेले वायुकोश (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे) कायमचे मिटून राहिले तर ते एक वेळ परवडतं. पण काही मधल्या जागी असतात. श्वास आत गेला की उघडतात, बाहेर आला की मिटतात. भाजीवाल्याकडची ओली प्लास्टिकची पिशवी बोटांनी पुन्हा पुन्हा सोडवावी लागते, तसा प्रत्येक श्वासाला नाजूक पडद्यावर ताण. त्याच वेळी वरचे उघडे वायुकोश, मिटलेल्यांच्या वाट्याची हवासुद्धा तेच घेतात, म्हणून ते गरजेपेक्षा फुगतात. या ताणाने पेशी खऱ्याखुऱ्या चिडतात आणि इंटरल्यूकिन ६, इंटरल्यूकिन ८ यांसारखी दाहाची रसायनं सोडतात. १९९७ मध्ये कॅनडात उंदरांच्या काढून घेतलेल्या फुफ्फुसांवर हे स्वच्छ दिसलं: मोठा श्वास आणि पीप शून्य, ही जोडी सगळ्यांत वाईट. मॅडम बोलतात ते इथून आलं आहे.

आता माझी हरकत. उंदराचं वेगळं काढलेलं फुफ्फुस आणि वारजे-हडपसरहून उपाशीपोटी आलेली, सकाळी दाखल होऊन दुसऱ्या दिवशी घरी जाणारी पेशंट यांच्यात बरंच अंतर आहे. २००० मध्येच जर्मनीत निरोगी फुफ्फुसाच्या, ठरवून ऑपरेशनला आलेल्या पेशंटना एक तास १५ मि.ली. विनापीप, ६ मि.ली. विनापीप आणि ६ मि.ली. पीप १० सह असे तीन प्रकारचे श्वास देऊन रक्तातली दाहाची रसायनं मोजली. सांगण्यासारखा फरक आला नाही. पुढे नेदरलँड्समध्ये पाच तासांच्या वरच्या ऑपरेशनांत फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात काही रसायनं मोठ्या श्वासाने जास्त सापडली. म्हणजे वेळ लागतो, आणि पहिली खूण फुफ्फुसात दिसते, रक्तात नंतर.

रक्तातल्या इंटरल्यूकिन ६ ची आणखी एक अडचण आहे. ते ऑपरेशनच्या जखमेनेच वाढतं. पित्ताशय सोडवताना जाळलेला भाग, पोर्टच्या जागा (दुर्बीण आणि हत्यारं घालायची छिद्रं), सांडलेलं पित्त, सगळ्यांचं ते मिळून असतं. दुर्बिणीने केलं तर पोट उघडण्यापेक्षा कमी वाढतं, पण वाढतंच. शिवाय पोटात गॅस भरला की आतड्यांकडचा रक्तपुरवठा थोडा आवळतो, गॅस सोडला की पुन्हा वाहू लागतो, त्याचाही वाटा. त्यामुळे 'श्वास लहान दिला म्हणून इंटरल्यूकिन कमी आलं' असं वीस-वीस पेशंटच्या दोन गटांवरून सांगणारा निबंध वाचला की मी आधी ऑपरेशनला किती वेळ लागला आणि सर्जन एकच होते का ते शोधतो. आकडा कमी झाला आणि पेशंटला त्याचं काहीच मिळालं नाही, असं होऊ शकतं. खोकला, ताप, ऑक्सिजन लागणं, दवाखान्यात जास्त राहणं, यात फरक पडला का ते विचारायचं.

त्यात फरक पडतो का? २०१३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचे, मध्यम ते जास्त जोखमीचे ४०० पेशंट होते. एका गटाला १० ते १२ मि.ली., पीप शून्य. दुसऱ्याला ६ ते ८ मि.ली., पीप ६ ते ८, आणि दर अर्ध्या तासाने फुफ्फुस फुगवून उघडणं. पहिल्या आठवड्यातल्या मोठ्या गुंतागुंती २७.५ टक्क्यांवरून १०.५ वर आल्या. प्रचंड फरक. पण तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे गुण नक्की कशाचा, ते कळेना. मग लोकांनी एकेक सुटं केलं. २०१४ मध्ये पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांत श्वास सगळ्यांना ८ मि.ली. आणि पीप एकाला १२, दुसऱ्याला २ किंवा कमी: फुफ्फुसाच्या गुंतागुंतीत फरक शून्य, मात्र जास्त पीपवाल्यांचं बीपी जास्त पडलं. २०१९ मध्ये लठ्ठ पेशंटमध्ये श्वास ७ मि.ली. आणि पीप १२ विरुद्ध ४: ठरवण्याइतका फरक नाही. २०२० मध्ये मेलबर्नला बाराशेच्या वर पेशंट, ६ विरुद्ध १० मि.ली., पण पीप दोघांनाही ५: गुंतागुंत ३८ आणि ३९ टक्के.

मी यातून असा अर्थ काढतो. मोठा श्वास आणि शून्य पीप ही जोडी टाळायची. त्यातली एक बाजू सुधारली तरी बहुतेक काम होतं. माफक पीप असेल तर सहा की आठ यावरून ओटीत वाद घालण्यात अर्थ नाही. आणि पीप बारापर्यंत नेऊन कुणी 'संरक्षक' म्हणवून घेत असेल तर लॅप्रोस्कोपीत जरा जपून, कारण पोटातल्या गॅसने आणि डोकं वर केल्याने रक्त आधीच हृदयाकडे कमी परततं. त्यावर छातीतला दाब वाढवला की बीपी ७० वर यायला वेळ लागत नाही.

सरांचे पेशंट का बिघडले नाहीत, तेही आता सांगता येईल. लॅप कोली तासाभरात आटोपते. टेबल डोकं वर आणि डाव्या कुशीवर, म्हणजे पोटातले अवयव खाली सरकतात आणि फुफ्फुसाला तेवढी उसंत मिळते. पेशंट बहुधा धडधाकट. आणि जिला दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला, सॅच्युरेशन ९३ दाखवलं आणि फिजिओथेरपीने सुधारलं, ती भूलतज्ज्ञाला कळतच नाही. बाहेरून येणारा डॉक्टर तोवर सिंहगड रस्त्यावरच्या दुसऱ्या ओटीत असतो.

तीच मशीन, तेच सेटिंग, पण गर्भाशय काढायचं दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर चित्र बदलतं. डोकं खाली, पाय वर, आतडी श्वासपटलावर, आणि वेळ दोन-अडीच तास. पेशंट लठ्ठ, साठीच्या पुढची, गेल्या महिन्यात खोकला झालेली, हिमोग्लोबिन नऊ असेल तर मी सेटिंगबद्दल अजिबात सैल राहत नाही. आमच्याकडे आणखी एक वर्ग आहे जो केस पेपरवर सुटतो. वेल्हे, मुळशी, पुरंदरकडून येणाऱ्या बायका. धूम्रपानाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं असतं, आणि तीस वर्षं चुलीपुढे बसून फुफ्फुसं धुराने गेलेली असतात. 'स्वयंपाक चुलीवर करता का, किती वर्षं' हा प्रश्न प्री-ऑपला विचारायला सिस्टरना सांगा. अशा पेशंटला रेट वाढवतानाही सावध, कारण श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा आत गेला तर हवा साठत जाते.

रेटचा विषय निघालाच आहे. पोटातला गॅस रक्तात मुरतो, म्हणून एंड-टायडल (सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड) चढतं. सरांचा हात अशा वेळी टायडल व्हॉल्यूमच्या बटणाकडे जात असणार, ५०० चे ६००. मॅडम रेट १२ चा १६ करत असतील, लागला तर १८. रेटच वाढवावा. एंड-टायडल ४५ पर्यंत गेलं तरी डोक्यातला दाब वाढलेला नसेल, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब नॉर्मल असेल तर ते पेशंटला काही करत नाही. छत्तीसच हवं, हा हट्ट नको.

आता तुमच्या मशीनबद्दल, कारण खरी गोम इथे आहे आणि ती डॉक्टरांपेक्षा टेक्निशियनलाच आधी दिसते. पुण्यातल्या लहान नर्सिंग होममध्ये अजून बेलोज (हवा ढकलणारा भाता) असलेली जुनी मशीनं चालू आहेत. त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये रोटामीटरवरून (गॅसचा फ्लो मोजणाऱ्या नळीवरून) वाहणारा ताजा गॅस श्वास आत जाताना टायडल व्हॉल्यूममध्ये मिसळतो, आणि मशीन त्याची वजाबाकी करत नाही. हिशेब करून बघा. फ्लो ६ लिटर ठेवला, म्हणजे सेकंदाला १०० मि.ली. रेट १२, श्वास आत-बाहेर जायच्या वेळेचं प्रमाण १:२, तर श्वास आत जायला १.६७ सेकंद. म्हणजे प्रत्येक श्वासात १६७ मि.ली. वरकड. डायलवर ३२० आणि पेशंटला ४८० च्या आसपास, त्यातले थोडे नळ्यांच्या ताणात जातात तेवढेच. मॅडमचा सगळा हिशेब तिथे वाहून जातो. फ्लो २ वर आणला की हेच वरकड ५५ मि.ली. वर येतं. नव्या वर्कस्टेशनमध्ये ही भरपाई मशीनच करते. तुमची कुठली आहे ते असं ओळखा: पेशंट व्हेंटिलेटरवर स्थिर असताना फ्लो २ चा ६ करून बाहेर येणाऱ्या श्वासाचा आकडा बघा, अर्थात भूलतज्ज्ञांना विचारून. आकडा चढला तर मशीन भरपाई करत नाही. मग डायलवरचा आकडा सोडा, बाहेर येणाऱ्या श्वासाचाच वाचा.

दुसरी जागा वाय-पीस (मशीनच्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात तो तुकडा) आणि ट्यूबच्या मध्ये. फिल्टर, कॅथेटर माउंट, एखादा वाकडा कनेक्टर, सगळं मिळून पन्नास-साठ मि.ली. मोकळी जागा सहज होते. ५०० च्या श्वासात ती खपून जाते. ३०० च्या श्वासात, पेशंटच्या स्वतःच्या श्वासनलिकांचे शंभर धरले तर अर्धा श्वास नुसता ये-जा करतो आणि एंड-टायडल का उतरत नाही म्हणून सगळे मशीनकडे बघत बसतात. लहान फिल्टर लावा, जादा तुकडे काढा.

तिसरं, पीप टिकतं का. मशीनवरून बॅगवर घेतलं, सक्शन केलं, सर्किट सुटलं की पीपने कमावलेलं फुफ्फुस काही सेकंदांत मिटतं. बॅगवर घेतलं असेल तर परत मशीनवर जाताना पीप चालू झालं का, ते बघा. बॅग दाबून ३० ते ४० सें.मी. पाण्यापर्यंत फुफ्फुस फुगवणं हा डॉक्टरांचा निर्णय. बीपी चांगलं असताना, शक्यतो गॅस भरायच्या आधी किंवा सोडल्यावर करतात. तुम्ही मॉनिटरवर बीपीचा कफ एक मिनिटावर लावून द्या, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. गॅस भरल्यावर किंवा डोकं खाली केल्यावर मशीनवरचा श्वासाचा दाब अचानक वर गेला आणि सॅच्युरेशन ९९ चं ९४ झालं, तर आधी पीप वाढवायला धावायचं नाही. श्वासपटलाबरोबर श्वासनलिकेचा फाटाही वर सरकतो, आणि जागेवर बांधलेली ट्यूब उजव्या फुफ्फुसात उतरते. बुटक्या पेशंटमध्ये तर हमखास. ओठापाशी ट्यूब किती सें.मी.ला बांधली ते मोठ्याने सांगा, स्टेथोस्कोप हातात द्या. ट्यूब बरोबर असेल आणि डावीकडे आवाज येत असेल, मग गॅसचा दाब कमी करता येईल का ते सर्जनना विचारायचं. बहुतेक लॅप कोली १२ वर, कधी १० वरसुद्धा होतात. त्यांना दिसायला थोडं अडचणीचं जातं, पण विचारायला काय हरकत आहे.

प्लॅटो प्रेशर (श्वास आत भरून क्षणभर थांबल्यावरचा दाब) दिसत असेल तर त्यातून पीप वजा करून येणारा आकडा तेराच्या आत बरा, पंधराच्या वर असेल तर कारण शोधायचं. पण गॅस भरलेला असताना त्यातला काही भाग ताठलेल्या पोट-छातीचा असतो, फुफ्फुसावर तेवढा ताण नसतो. गॅस भरायच्या आधीचा आकडा लिहून ठेवला तर तुलना करता येते.

शेवटच्या दहा मिनिटांत खूप काही हातातून जातं. ऑपरेशनभर जपलेलं फुफ्फुस ट्यूब काढताना घालवलं जातं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता उतरलेला नसेल तर पेशंट डोळे उघडते, मान उचलते आणि तरीही नीट खोकू शकत नाही. स्नायूंच्या जोराचा मॉनिटर तुमच्याकडे असेल तर तो कपाटातून काढून चार्ज करून ठेवा, त्यावरचं प्रमाण (पहिल्या झटक्याच्या तुलनेत चौथ्याचा जोर) ०.९ च्या वर आल्याशिवाय ट्यूब काढू नये. डोकं तीस अंश वर. पोर्टच्या जागी सर्जनने बधिर करायचं औषध दिलं का, ते विचारा, कारण दुखलं की बाई पोट आवळून वरवर श्वास घेते. वॉर्डात खोल श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र संध्याकाळीच हातात द्यायचं. माझ्या मते लॅप कोलीच्या पेशंटला सहा की आठ मि.ली. यापेक्षा या चार गोष्टींनी जास्त फरक पडतो.

सरांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. सेटिंग तुम्ही बदलायचं नाही, आणि 'मॅडम असं करतात' हेही बोलायचं नाही. पेशंट टेबलावर घेण्याआधी टेपने उंची मोजा. नातेवाईक सांगतात ती उंची पाच-सात सें.मी.ने सहज चुकते. ओटीतल्या पांढऱ्या बोर्डवर नाव, वजन आणि ॲलर्जी लिहिता ना, त्याखाली आणखी एक ओळ: उंची १५०, अपेक्षित वजन ४३, सात मि.ली.ने ३००. सगळ्या पेशंटना, सगळ्या डॉक्टरांसाठी, रोज. पीप लावायचा सुटा व्हॉल्व्ह असलेलं जुनं मशीन असेल तर तो सकाळच्या तपासणीतच बसवून, चालतो का ते बघून ठेवा. ऐनवेळी शोधायला लागला की तो कुणीच लावत नाही.